तीन हिसके

ताउनो रुओनाच्या धाकट्या मुलीचं, आयरीनचं, लग्न झालं ते साल १९८८. लग्नाच्या आदल्या दिवशी असा बर्फ पडला की चर्चकडे जाणारा रस्ताच दिसेना. शेवटी नवरी बर्फ सारायच्या सरकारी ट्रकात, ड्रायव्हरच्या शेजारी, पांढरा झगा मांडीवर गोळा करून बसून आली. सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या गावात जुनी माणसं अजून साल सांगताना ‘आयरीन ट्रकातून आली त्या हिवाळ्यात’ असं म्हणतात. ताउनोही चारचौघांत तसंच म्हणायचा. पण लग्नानंतर तीन आठवड्यांनी जे घडलं त्यामुळे ते साल तो तसंही कधी विसरला नसता.

ताउनो तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. तरुणपणी तांब्याच्या खाणीत होता, खाण बंद पडली तेव्हा लाकूडतोडीला गेला. पण गाव त्याला ओळखायचं ते दोरासाठी. काउंटीच्या शोधपथकात एकवीस वर्षं तो दोर धरत आला होता. कोणी बर्फ फुटून तळ्यात गेलं, कोणाची होडी उलटली, की पथकाचा पाणबुड्या कमरेला दोर बांधून खाली उतरायचा आणि त्या दोराचं दुसरं टोक ताउनोच्या हातात असायचं. स्वतः ताउनोला धड पोहताही येत नव्हतं. लोक त्यावरून चेष्टा करत, तर तो म्हणे, “मी बुडालो तर दोर कोण धरणार? म्हणून मी पाण्यात जातच नाही.”

खालच्या माणसाशी बोलायचं ते हिसक्यांनी. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोड. चार म्हणजे ओढ, जीव धोक्यात आहे. आणि तीन म्हणजे सापडलं. तीन आले की दोरवाल्यानं दोर घ्यायचाही नाही आणि सोडायचाही नाही. आहे तिथे घट्ट धरून एका हिसक्यानं उत्तर द्यायचं आणि थांबायचं, म्हणजे सापडलेली जागा हातची जात नाही. पथकात आणखी एक रीत होती, ती कुठे लिहिलेली नव्हती. तीन आले की दोरवाला टोपी काढायचा. काठावर उभ्या असलेल्या घरच्यांना त्यावरून कळायचं. एकवीस वर्षांत ताउनोनं अकरा वेळा टोपी काढली होती.

अकराव्या वेळी काठावर त्याची थोरली मुलगी मार्लीन उभी होती. ती शाळेची बस चालवायची. बुडालेला नऊ वर्षांचा पोरगा रोज तिच्या बसमध्ये दुसऱ्या बाकावर बसायचा. पथकाकडे बर्फाखाली जाणारे पाणबुडे दोनच होते, त्यातला एक आजारी. पोरगा दुसऱ्या दिवशी सापडला. घरी येताना मार्लीन एवढंच म्हणाली, “पा, अजून एक जण असता तर कालच बाहेर आला असता तो.”

त्यानंतर ती वेस पेन्हेलच्या डुबकीच्या सामानाच्या दुकानात जायला लागली. वेस पाणबुड्यांना शिकवायचा. आधी साधी बुडी मारायला शिकवी, मग पुढचे एकेक खास कोर्स. खोल पाण्याचा वेगळा, अंधारातल्या डुबकीचा वेगळा, सुपीरियरच्या तळाशी पडलेल्या जुन्या जहाजांचा वेगळा. प्रत्येक खास कोर्स झाला की माणसाला एक कार्ड मिळे. मार्लीननं तीन वर्षांत तीन कार्डं केली. राहिलं होतं बर्फाखालचं. पथकात त्या वसंतात एक जागा रिकामी होणार होती. आजवर पथकात बाई कधी नव्हती. कप्तानानं तिला तोंडावर सांगितलं होतं, “बाई म्हणून अडवणार नाही. कार्ड नसेल तर अडवीन. एप्रिलच्या आत आण.”

“आणते,” मार्लीन म्हणाली होती.

वेसचा बर्फाचा कोर्स फेब्रुवारीत शनिवार-रविवार असायचा. गावाबाहेरच्या लहान तळ्यावर साखळीच्या करवतीनं बर्फात तिकोनी भोक पाडायचं. भोकाभोवती फावड्यानं वरचा भुसभुशीत बर्फ सारून चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे काढायचे, म्हणजे खाली असलेल्या माणसाला वर उजेडाच्या रेघा दिसतात आणि त्या रेघा भोकाकडे घेऊन जातात. दोन दिवसांत तीन डुबक्या. तिसरी एकट्यानं.

शनिवारी सगळं नीट झालं. रविवारी वेसचा एक दोरवाला तापानं पडला. वेसनं ताउनोला फोन केला. ताउनो पंधरा मिनिटांत तळ्यावर हजर. खांद्यावर बापाची पहार. खाणीतली ती पहार बापानं निवृत्त होताना घरी आणली होती. भोकावर रात्रीत धरलेली बर्फाची पातळ साय फोडायला ताउनो तीच वापरायचा.

मार्लीनला बाप आलेला पाहून बरं वाटलं. “आता मी निर्धास्त,” ती रँडी ओयालाला म्हणाली. रँडी वेसकडे मदतीला असे. राखीव पाणबुड्या म्हणून पूर्ण तयारीत भोकाशेजारी खुर्ची टाकून बसायचं, कोणी अडकलं तर उडी मारायची, हे त्याचं काम.

“निर्धास्त कसली,” रँडी म्हणाला, “अजून एक कार्ड झालं की तुझी रमी लागते, म्हणून खूश आहेस तू.”

“तुझ्याकडे चार झाली, तरी तुला अजून बायको लागली नाही.”

वेसनं सगळ्यांना गोळा केलं. हातात कागद होता. “खुणा परत एकदा सांगतो. ताउनो, इकडे ये, ऐकून घे.”

ताउनो भोकावरची साय फोडत होता. तो वळलाही नाही. “वेस, तू शाळेत नापास होत होतास तेव्हापासून मी दोर धरतोय. मला तू काय ऐकवणार?”

सगळे हसले. वेसही हसला. ताउनोला तो लहानपणापासून ओळखत होता. त्यानं बाकीच्यांना खुणा सांगितल्या आणि मग कागद घेऊन ताउनोकडे आला. “बरं, सही तरी कर बाबा. खुणा ऐकल्या म्हणून प्रत्येक दोरवाल्याची सही लागते.”

ताउनोनं पहार काखेत धरली, दातांनी हातमोजा काढला, वेसला वळवून त्याच्या पाठीवर कागद ठेवला आणि सही केली. सही करता करता काख सैल झाली. पहार सुटली, बर्फावर घसरली आणि डुबुक करून भोकात गेली.

“गेली,” रँडी म्हणाला.

“आजोबांची पहार बुडवलीस पा,” मार्लीन म्हणाली. “आता आजी स्वप्नात येऊन तुझे कान उपटणार.”

“तू जातेयस ना खाली? दिसली तर सांग.”

“सांगेन.”

वेस दुसऱ्या विद्यार्थ्याला घेऊन पलीकडच्या भोकाकडे गेला, चाळीसएक पावलांवर. मार्लीन पाण्यात उतरली. ताउनोनं दोर सोडायला सुरुवात केली. त्याला बरं वाटत होतं. पोरीचा दोर आपल्या हातात, कार्ड आज होणार, एप्रिलमध्ये पथकात बाप-लेक दोघं. त्यानं मनातल्या मनात कप्तानाचं तोंडही पाहून घेतलं.

एक हिसका आला. त्यानं एक दिला. दोन आले, त्यानं दोर सोडला. मार्लीन दूर गेली, मग दोर थांबला. ती वळली असणार. थोड्या वेळानं दोरातून आले ते स्वच्छ, सावकाश, तीन.

ताउनोचा हात आपोआप डोक्याकडे गेला. टोपी काढून त्यानं छातीशी धरली आणि मग त्याला स्वतःचंच हसू आलं. मेलेलं कोणी नव्हतं, पहार होती. “सापडली,” तो म्हणाला. रँडी खुर्चीत बसला होता, डोक्यावर कानांपर्यंत जाड रबरी टोपडं. त्याला ऐकू आलं नाही. त्यानं फक्त पाहिलं की म्हाताऱ्यानं एवढ्या थंडीत टोपी काढली.

ताउनोनं दोर घट्ट धरला आणि उत्तरादाखल एक हिसका दिला. थोड्या वेळानं पुन्हा तीन आले. आता जरा जोरात. “कळलं गं बाई, कळलं,” ताउनो म्हणाला आणि पुन्हा एक दिला.

वेसच्या कागदावर तीनचा अर्थ वेगळा होता. हौशी पाणबुड्यांना तळाशी कोणाला शोधायचं नसतं. त्यांच्या खुणांत तीन म्हणजे ‘मी परत येतेय, सैल पडलेला दोर ओढून घे’. मार्लीन भोकाकडे पोहत येत होती, दोर तिच्या मागे-पुढे सैल पडत चालला होता आणि वरून कोणी ओढत नव्हतं. तिनं सांगितलं, वरून उत्तर आलं की ठीक आहे. तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तोवर दोराचे वेढे तिच्या पाठीवरच्या टाकीच्या तोटीला बसले. सोडवायला ती वळली तसा तळचा गाळ उठला आणि उजेडाच्या रेघा दिसेनाशा झाल्या. त्यात थंडीनं तोंडातल्या नळीची झडप उघडी राहून गोठली आणि हवा भसाभसा वाहून जायला लागली. तिनं चार हिसके दिले, मग मोजणं सोडून नुसती ओढत राहिली. पण वेढे तळाच्या एका बुंध्यात अडकले होते. वर काही पोचलं नाही.

वर ताउनोच्या हातात दोर मेल्यासारखा झाला. त्यानं एक दिला, उत्तर नाही. पुन्हा दिला, उत्तर नाही. तिसऱ्यांदा तो थांबला नाही. “रँडी, जा,” तो ओरडला.

रँडी तिला घेऊन आला तेव्हा तिचे ओठ निळे होते आणि तोंडात रँडीची दुसरी नळी होती. तिला बर्फावर ओढून घेतलं, कांबळी टाकली. पलीकडून वेस जड सूटसकट धावत आला. मार्लीन खोकत होती. खोकता खोकता ती म्हणाली, “मी तीन दिले. दोनदा तीन दिले. दोर ओढलाच नाही.”

“तीन कशासाठी?” वेसनं विचारलं.

“ओढून घ्या म्हणून. अजून कशासाठी?”

ताउनोच्या हातात अजून टोपी होती. त्या क्षणी त्याला सगळं कळलं. वेसच्या खिशात तो कागद होता, त्यावर त्याची सही होती, शाई वाळून तासही झाला नव्हता.

वेस त्याच्याकडे वळला. “ताउनो, तुला किती आले?”

सगळे त्याच्याकडे पाहत होते. एकवीस वर्षांत त्याला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि वेस विचारत होता तोही संशयानं नाही, नुसतं खात्री करायला.

“दोन,” ताउनो म्हणाला.

“दोनदा?”

“दोनदा दोन. दोर सोड म्हणाली, मी सोडला.”

मार्लीननं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, असं ताउनोला पुढे अनेकदा वाटलं. तिनं नुसता आपला उजवा हात वर धरला, हातमोजा काढून बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, “मग दोनच दिले असतील. मला तीन वाटले.”

“थंडीत असं होतं,” वेस हळू आवाजात म्हणाला. “बोटं बधिर होतात, डोकंही होतं. तुझी चूक मी काढत नाही. पण खूण चुकली तर मी कार्ड देऊ शकत नाही, मार्लीन. पुढच्या हिवाळ्यात ये.”

घरी जाताना गाडी ताउनो चालवत होता. मार्लीन कांबळं पांघरून शेजारी बसली होती. ती म्हणाली, “पा, तू वेळेवर ओरडला नसतास तर मी आज नसते.”

ताउनोनं रस्त्यावरची नजर काढली नाही. सांगायचं असेल तर हीच वेळ होती. गाडीत दोघंच होते, घर अजून चार मैल लांब होतं. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, “हीटर वाढवू का?”

पथकातली जागा एप्रिलमध्ये पूर्वी पथकात असलेल्या एका जुन्या माणसाला मिळाली. मार्लीन पुढच्या हिवाळ्यात वेसकडे गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सूट तिनं तळघरात टांगून ठेवला, मग कधीतरी त्याच्यावर मुलांचे जुने कोट टांगले गेले. ती चिडचिड करत नव्हती, उलट चेष्टा करायची, आणि तीच ताउनोला सोसवत नसे. सणाच्या जेवणाला गॅरी, तिचा नवरा, कॉफीचे कप मांडायला सांगे. “किती?” ती विचारी. “पाच.” मार्लीन म्हणे, “दुसऱ्या कोणाला सांग. मला तीनपर्यंतही मोजता येत नाही.” सगळे हसत. तिची दोन पोरं ते शिकली. आई पत्ते वाटायला बसली की पोरं म्हणत, “ममा, तुला तीनपर्यंत येतं का?” मार्लीन त्यांना टपल्या मारी. ताउनो उठून लाकडं आणायला बाहेर जाई. त्या चार वर्षांत त्या घरात लाकडांचा कधी तुटवडा पडला नाही.

एकदा तो शाळेपाशी काही कामाला गेला होता. मार्लीनची बस उभी होती. शेवटचं पोर चढलं, तरी बस हलेना. ताउनोनं काचेतून पाहिलं. मार्लीन उभी राहून बोट दाखवत पोरं मोजत होती. मागपर्यंत मोजली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा मोजताना तिचे ओठ हलत होते. ताउनो काम न करताच घरी आला. त्याची बायको लेम्पी म्हणाली, “एवढ्यात?” तो म्हणाला, “बंद होतं.”

खोटं एकदाच बोललं की भागतं असं त्याला त्या दिवशी बर्फावर वाटलं होतं. पण ते रोज नव्यानं बोलावं लागत होतं, गप्प बसून.

१९९२ च्या ऑक्टोबरात पथकात तीन नवी माणसं आली. त्यांना दोर शिकवायचं काम नेहमीप्रमाणे ताउनोचं. अग्निशामक दलाच्या ठाण्यात गाड्या बाहेर काढून फरशी मोकळी केली होती. नव्या तिघांत रँडी ओयाला होता.

ताउनोनं दोराचं एक टोक एकाच्या हातात दिलं, त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दुसरं टोक स्वतः धरलं. “एक,” तो म्हणाला, “म्हणजे ठीक. दोन म्हणजे सोड. चार म्हणजे ओढ, आणि तेव्हा विचार करत बसायचं नाही.”

“तीन राहिले,” रँडी म्हणाला.

ताउनो थांबला. गेली चार वर्षं नवं कोणी आलं नव्हतं, त्यामुळे हे त्याला मोठ्यानं सांगावं लागलं नव्हतं.

“तीन म्हणजे सापडलं,” तो म्हणाला. “दोर घ्यायचा नाही, सोडायचा नाही. घट्ट धरायचा. आणि टोपी काढायची.”

“टोपी कशाला?” तिसऱ्यानं विचारलं.

“काठावर त्याची आई असते म्हणून.”

बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. रँडीनं मान हलवली नाही. तो ताउनोच्या डोक्याकडे पाहत होता, टोपीकडे. मग त्याची नजर दोरावर आली आणि तिथेच राहिली. ताउनोनं बाकीचा धडा कसाबसा संपवला.

सगळे गेल्यावर रँडी थांबला. त्यानं दोर गुंडाळायला घेतला, कोपर आणि पंजा यांच्यामध्ये, नीट, ताउनोनं शिकवला तसा.

“वेसकडे तीन म्हणजे ओढून घे,” तो म्हणाला.

“हो.”

“तू टोपी काढली होतीस त्या दिवशी. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला उकडतंय की काय.”

ताउनो बाकावर बसला. त्याला वाटलं होतं, हे कधी बाहेर आलं तर आपण काहीतरी बोलू, सही, कागद, पहार, काहीतरी. पण तोंडातून निघालं ते एवढंच, “पहार सापडली असं वाटलं मला.”

“ते कळलं. ती चूक झाली.” रँडीनं दोराची गुंडाळी खुंटीला अडकवली. “पण नंतर दोन म्हणालास ती चूक नव्हती.”

“नव्हती.”

“मी तिला सांगणार नाही, ताउनो. सांगायला ती माझी मुलगी नाही.” एवढं बोलून तो गेला.

शनिवारी दुपारी ताउनो मार्लीनकडे गेला. पोरं बाहेर होती, गॅरी छपराचं काही करत होता. मार्लीन स्वयंपाकघरात निसू करत होती, वेलदोडा घातलेला गोड पाव. कणीक फुगून आली होती आणि ती तिच्या लांब वळ्या करून वेणी घालत होती.

“कॉफी गरम आहे,” ती म्हणाली. “बस ना. असा उभा का?”

“उभाच बरा आहे.” त्यानं टोपी काढून हातात घेतली. “मार्लीन, त्या दिवशी तू तीन दिलेस.”

“कुठल्या दिवशी?”

“तळ्यावर. तू दोनदा तीन दिलेस आणि मला दोन्ही वेळा तीनच आले. पथकात तीन म्हणजे सापडलं. मला वाटलं, पहार सापडली. वेसनं खुणा सांगितल्या तेव्हा मी ऐकलं नव्हतं, नुसती सही केली होती. त्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.”

एका दमात सांगून झालं. चार वर्षं जे दाबून ठेवलं होतं, ते सांगायला पाव मिनिटही लागलं नाही, आणि त्याची त्याला आणखीच शरम वाटली.

मार्लीनच्या हातात कणकेची तिसरी वळी तशीच धरलेली होती. “तीन आले होते?” तिनं विचारलं.

“तीन.”

“स्वच्छ?”

“इतके स्वच्छ कोणी दिलेले मला आठवत नाहीत.”

तिनं वळी खाली ठेवली आणि पिठाचा उजवा हात समोर धरून पाहिला, त्या दिवशी पाहिला होता तसाच. “चार वर्षं मी ह्या हाताला शिव्या दिल्या,” ती म्हणाली. “बसमध्ये पोरं दोनदा मोजते मी. घरी आले तरी वाटतं, एखादं राहिलं का. माझाच मला भरवसा उरला नव्हता, आणि तू समोर बसून कॉफी पीत होतास.”

“हो.”

“मी तुझे आभार मानले होते गाडीत.”

“हो.”

“आणि तू हीटर वाढवलास.”

ताउनोनं मान खाली घातली. ती ओरडली असती, रडली असती, तर त्याला काही करता आलं असतं. ती नुसती एकेक गोष्ट मोजत होती आणि तिचं मोजणं बरोबर होतं.

“मार्लीन, मला माफ—”

“ते नंतर बघू,” ती म्हणाली. “आधी वेसला सांग. पण कोपऱ्यात घेऊन नाही. फेब्रुवारीत त्याचा कोर्स असेल, सकाळी सगळे जमतील, तो खुणा सांगेल, तेव्हा उभं राहून सांग. मला जिथे खोटं पाडलंस तिथेच.”

“सांगेन.”

“जा आता. वेणी वाळतेय.”

घरी त्यानं लेम्पीला सांगितलं. लेम्पीनं दोन दिवस त्याच्या कपात कॉफी ओतली, पण त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बिचारी पोरगी.”

१९९३ च्या फेब्रुवारीत तळ्यावर सात विद्यार्थी होते, त्यातले पाच जण ताउनोला ओळखतही नव्हते. रँडी होता. काठावर मार्लीन उभी होती, पाच वर्षांनी तळघरातून काढलेला सूट घालून. वेसनं कागद काढला. ताउनो पुढे आला आणि म्हणाला, “आधी मला बोलायचंय.”

त्यानं सगळं सांगितलं. पाच अनोळखी पोरं पायाखालच्या बर्फाकडे पाहत राहिली, कारण एका म्हाताऱ्याकडे अशा वेळी कसं पाहायचं हे त्यांना कळत नव्हतं. ताउनोला ते दिसत होतं. लाज एकट्यानं बाळगणं सोपं असतं हे त्याला तिथे कळलं. लोकांत मांडली की ती वाढते आणि मगच बाहेर पडते.

वेसनं कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, “सही माझ्या पाठीवर केलीस तू. मी वळून बघायला हवं होतं.” तो मार्लीनकडे गेला. “मार्लीन, मी तुझं ऐकायला हवं होतं.”

“हवंच होतं,” मार्लीन म्हणाली.

त्या दिवसापासून वेसनं कागदावरची सही बंद केली. प्रत्येक दोरवाल्यानं चारही खुणा मोठ्यानं म्हणून दाखवायच्या, मग तो कितीही जुना असो.

मार्लीनची वेळ आली. ताउनो भोकाशी उभा होता. त्याच्या हातात दोराची गुंडाळी होती, ती त्यानं कधी उचलली हे त्यालाही आठवत नव्हतं. मार्लीन भोकाच्या काठावर बसली, पट्ट्याला दोर अडकवला आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “दोर रँडी धरेल.”

रँडी खुर्चीत बसला होता. त्यानं ताउनोकडे पाहिलं. ताउनोनं गुंडाळी त्याच्या मांडीवर ठेवली. वेसनं दुसऱ्याला राखीव बसवलं.

“तीन म्हणजे काय?” मार्लीननं रँडीला विचारलं.

“ओढून घे.”

“आणि टोपी?”

“टोपी डोक्यावरच.”

ती खाली गेली. ताउनो दहा पावलं मागे सरला. दोर रँडीच्या बोटांतून सरकत होता, थांबत होता. ताउनोच्या रिकाम्या हातांची बोटं कोटाच्या खिशात नकळत हलत होती. मग रँडीचा दंड तीनदा हलला आणि तो भराभर दोर ओढायला लागला, हातावर हात. ताउनोनं टोपी दोन्ही हातांनी कानांवर खाली ओढली आणि तशीच धरून उभा राहिला. भोकातून मार्लीनचं डोकं वर आलं तेव्हाही त्यानं ती सोडली नाही.

मार्लीनला कार्ड मिळालं आणि त्या वसंतात ती पथकात गेली. ताउनोनं त्याच महिन्यात पथक सोडलं. मार्लीन त्याच्याशी बोलायची, त्याच्या घरी यायची, निसू आणायची. पण सणाच्या दिवशी तीनपर्यंत मोजण्याची चेष्टा घरात पुन्हा कोणी केली नाही, आणि तिनं आपला दोर बापाच्या हातात पुन्हा कधी दिला नाही. त्यानंही मागितला नाही. पहार अजून तळाशी आहे.

ताउनो रुओना १९९९ सालच्या फेब्रुवारीत, नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी, आपल्या घरी वारला.